मागच्या खोलीतलं कपाट

मे महिन्यात रात्री ते एकदाच बोलायचं. कट्. दिवसभर रायपूरच्या उन्हात तापलेलं लाकूड मध्यरात्रीनंतर निवायला लागलं, की त्याच्या पोटातून कुठूनतरी बोटं मोडल्यासारखा तो आवाज यायचा. आम्ही सगळे अंगणात बाजांवर झोपलेलो असायचो. मुलं दचकायची. आजी कूस न बदलता म्हणायची, "झोपा गं. म्हातारं आळस देतंय."

तात्यापाऱ्यातलं आमचं घर आजोबांनी वकिलीच्या पहिल्या वर्षांत घेतलं आणि लगेच हे कपाट करवून घेतलं. लाकूड बीजाचं, धमतरीकडच्या जंगलातलं, छोट्या लाइनीनं आलेलं. रायपूर-धमतरी ही अरुंद रेल्वे १९०० साली सुरू झाली होती. आमच्या घराचे वासे आणि दारंही तिनंच आणली असं आजोबा सांगत. मिस्त्रीनं महिनाभर मागच्या खोलीत बसून कपाट घडवलं. पुढच्या खोलीत न्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की ते दारातून निघतच नाही. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, चौघांनी जोर लावला तरी तसूभर न हलणारं. आजोबा म्हणाले, राहू दे, मीच येत जाईन त्याच्याकडे. तेव्हापासून पक्षकार पुढच्या खोलीत आणि कायद्याची पुस्तकं मागच्या खोलीत, अशी व्यवस्था जन्मभर राहिली.

मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चारही पाय पाण्यानं भरलेल्या दगडी वाट्यांत उभे असत. त्या वाट्या भरणं हे माझं काम. बीजाचं लाकूड पाण्यात राहिलं की पाण्याला रंग सोडतं. दोन दिवसांत वाटीतलं पाणी चहासारखं व्हायचं. मला वाटायचं, हे पाय धुऊन बसलेलं कुणी मोठं माणूस आहे. चेहराही होता त्याला. वरच्या दोन फळ्यांवर लाकडाच्या दोन गाठी, डोळ्यांसारख्या, एक दुसरीपेक्षा जरा खाली. त्यांच्या मधोमध, बरोबर ओठांच्या जागी, पितळी कुलूप.

खालचा कप्पा आम्हा मुलांचा. मधला काचेचा, त्यात आजोबांची कायद्याची पुस्तकं आणि त्यांच्यामागे दुसऱ्या रांगेत कादंबऱ्या. वरचा कप्पा बंद. त्याची किल्ली आजोबांच्या जानव्याला असायची आणि त्यांनी तो उघडलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता. त्यात काय आहे असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "कागद."

आता त्या खोलीचं सांगायला हवं. ती अंगणाला लागून होती, तिला मोरीकडे जायला वेगळं दार होतं, म्हणून घरातल्या बायका महिन्यातले चार दिवस तिथे बसत. एक घोंगडी, एक तांब्या, एक वेगळी थाळी. बसणारीनं कपाटाला शिवायचं नाही. पुस्तकं म्हणजे सरस्वती. आजी, आई, काकू, आत्या, सगळ्या आपापल्या वेळी भिंतीला पाठ लावून त्याच्यासमोर बसत. वर्षाचे अठ्ठेचाळीस दिवस समोर कपाट आणि हात मांडीवर. आजोबांना पुस्तक हवं असलं तर ते दारात खाकरत, मान खाली घालून आत येत, काच सरकवून पुस्तक काढत आणि तसेच बाहेर जात.

आम्हाला सांगितलं जायचं, कावळा शिवला. मी ते अक्षरशः खरं मानलं होतं. कावळा खोलीच्या झरोक्यातून येतो आणि झोपलेल्या बाईला पंख लावून जातो, अशी माझी समजूत होती. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा अख्खी दुपार पेरूच्या झाडाखाली खडे घेऊन बसले होते. एकही कावळा भिंतीवर टेकू दिला नाही. दुसऱ्या दिवशी आई बाजूला बसलीच. मला रडू फुटलं. आईला वाटलं मला तिच्याजवळ झोपायला मिळणार नाही म्हणून रडतेय. मी तिला खडे दाखवले. तिनं तोंडाला पदर लावला, हसली की काय मला कळलं नाही, पण डोळे भरले होते एवढं आठवतं.

छत्तीसगडात मराठी माणसं अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांबरोबर आली. पुढे इंग्रजांच्या काळात रायपूर मध्य प्रांतात होतं आणि राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, विदर्भ आमच्यापासून तुटला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळ झाली. घरच्या मोठ्यांना वाटलं असावं की आता आपली भाषा आणि आपले संस्कार राखायची जबाबदारी उंबरठ्यावरच येऊन पडली. उंबरठ्याच्या आत मराठी, शाळेत हिंदी, मागच्या दारी छत्तीसगढी. तिन्ही भाषा आम्ही मुलं एका श्वासात बोलायचो, पण प्रत्येकीला नेमून दिलेला प्रांत होता. प्रेमाची भाषा हिंदी, कारण ते सिनेमात असे. दोन फुलं एकमेकांना टेकत, दिवा विझे आणि पुढच्या दृश्यात पाळणा हले. देहाची भाषा छत्तीसगढी. मराठीत या सगळ्यासाठी आमच्या घरात फक्त एक पक्षी होता.

छत्तीसगढी आणायची ती राऊतीन. सकाळी पाणी भरायला, भांडी घासायला यायची. गोंदलेले हात, पायात जाड चांदीचे तोडे, आणि राखेनं पितळ घासता घासता ददरिया गुणगुणायची. ददरिया म्हणजे शेतात काम करणाऱ्या पोरापोरींनी एकमेकांना उद्देशून म्हणायची गाणी. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं उचलायची. तिनं पहिला नवरा सोडला होता आणि दुसऱ्याच्या हातची चूडी घातली होती. त्यांच्यात तशी रीत होती. बांगड्या भरल्या की संसार लागला, पंचांना जेवण घातलं की झालं. हे ती विहिरीवरच्या गोष्टींसारखं सांगायची: तो मारायचा, हा मारत नाही, ह्याला मी आवडते. आजी आम्हाला लगेच काहीतरी आणायला आत पाठवायची. एकदा खोली सारवताना मी राऊतीनला विचारलं, वरच्या कप्प्यात काय असेल? तिनं कपाटाकडे मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "ए डोकरा सब जानथे नोनी, फेर गोठियावय नहीं." हा म्हातारा सगळं जाणतो, पोरी, पण बोलत नाही.

खालच्या कप्प्यात 'चांदोबा'चे अंक होते, तुटक्या पाट्या होत्या आणि अक्तीची पुतरा-पुतरी होती. अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी छत्तीसगडात मुलं मातीच्या नवरानवरीचं लग्न लावतात. गोलबाजारात त्यांच्या राशी मांडलेल्या असत. नवऱ्याला कागदी मौर, नवरीला लाल चिंधीचं लुगडं. आम्हीही लावायचो. मंगलाष्टकं मराठीत, तेल-हळद छत्तीसगढी. लग्न लागलं की जोडी कप्प्यात ठेवायची आणि दार लावायचं. त्यापुढे काय करायचं असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पुढच्या अक्तीला त्यांचंच लग्न पुन्हा लावायचो.

१९६२ च्या अक्तीनंतर आठ दिवसांनी आत्याचं लग्न झालं. ती बावीस वर्षांची, बी.ए. झालेली. घरातली सगळ्यांत हुशार मुलगी. मधल्या कप्प्यातली मागची रांग तिनं दोनदा वाचून काढली होती. फडके, खांडेकर, आणि विभावरी शिरूरकर या टोपणनावानं १९३३ साली आलेलं 'कळ्यांचे निःश्वास', ज्यातल्या शिकलेल्या मुलींच्या मनातलं वाचून तेव्हा मराठी मुलूख खवळला होता. प्रेम म्हणजे काय याचं तिला कादंबरीभर ज्ञान होतं. मांडवाच्या आदल्या रात्री आजीनं तिला त्या मागच्या खोलीत बोलावलं. मी खालच्या कप्प्यापाशी लोळत होते, मला कुणी हाकललं नाही. आजीनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ते सांगतील तसं वाग हो." आत्यानं मान हलवली. कपाट दोघींच्या डोक्यावर उभं होतं.

दिवाळसणाला ती आली तेव्हा निम्मी झाली होती. जावई चांगले होते, बँकेत होते, मितभाषी, मला रंगीत पेन्सिली आणणारे. पण आत्या रात्री त्यांच्या खोलीत जायची वेळ आली की काम काढून बसे. वाती वळे, उद्याची भाजी निवडे. एका दुपारी ती कपाटाच्या बाजूला, भिंत आणि कपाट यांच्यातल्या हातभर जागेत, अंग चोरून बसलेली मला सापडली. आम्ही लपंडाव खेळताना मीच ती जागा वापरायचे. मी विचारलं, कुणावर राज्य आहे? ती म्हणाली, "कुणावर नाही. तू जा." आजीला तिनं काहीतरी विचारलं असणार, कारण संध्याकाळी आजी तिला एवढंच म्हणताना ऐकलं, "सवय होते बाई."

दोन वर्षांनी माझी पाळी आली. शाळेत आठवीच्या पुस्तकात बेडकाचा एक धडा होता. बाई त्याच्या निम्म्यावर थांबल्या आणि उरलेला घरी वाचा म्हणाल्या. घरी वाचला, त्यात बेडूकच होता. त्यामुळे त्या सकाळी मला एवढंच कळलं, की आपल्याला आतून काहीतरी मोठं लागलं आहे आणि आपण मरणार. मी कुणाला सांगितलं नाही. दुपारपर्यंत मी मनात सगळ्यांचा निरोप घेतला. पुतरा-पुतरी धाकट्या बहिणीला द्यायची असंही ठरवलं. राऊतीननं धुणं पाहिलं आणि आईला सांगितलं. आईनं मला मागच्या खोलीत घोंगडीवर बसवलं, काय करायचं ते चार वाक्यांत सांगितलं, का ते सांगितलं नाही, आणि घाईनं निघून गेली. मी पहिल्यांदा कपाटाच्या समोर बसले. आजवर मी त्याच्या पायाशी असायचे. आता ते पूर्ण दिसत होतं आणि मला त्याला हात लावायचा नव्हता.

संध्याकाळी आजी आली. शिवायचं नव्हतं म्हणून दोन हातांवर बसली. माझे सुजलेले डोळे पाहून म्हणाली, "अगं, रडतेस काय! मला मखरात बसवलं होतं." आणि तिनं सांगितलं ते मला तेव्हा परीकथेसारखं वाटलं. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं, चौदाव्या वर्षी न्हाण आलं. केळीचे खांब लावून मखर केलं, तिला हिरवं लुगडं नेसवलं, आळीतल्या बायका ओटी भरायला आल्या, गाणी म्हटली, साखर वाटली. चार दिवस रोज गोडधोड. सगळ्या गावाला कळलं होतं.

त्या मखराचा पुढे मी फार विचार केला. ते मुलीच्या आनंदासाठी नव्हतं. मुलगी आता नवऱ्याकडे धाडण्याजोगी झाली, याची ती दवंडी होती. मग काळ बदलला. शारदा कायद्यानं १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा केलं. कायदा लागू व्हायच्या आधीच्या घाईत आजीच्या धाकट्या बहिणीचं नवव्या वर्षी उरकून टाकलं, तशी देशभर कितीतरी लग्नं उरकली गेली. पण हळूहळू लग्न न्हाणाच्या पुढे सरकलं. मुलगी शाळेत राहिली. चौदाव्या वर्षी सासरी जायची धास्ती गेली, हे आमच्यावरचं केवढं मोठं ऋण आहे. फक्त त्या मखराबरोबर त्या गोष्टीचा उच्चारही घरातून गेला. आता ती बातमी कुणाला द्यायची? द्यायला नवरा नव्हता, म्हणून ती बातमीच नको होती. आमच्या पिढीचा तो निरागसपणा, ज्याची आज लोक हळवेपणानं आठवण काढतात, फार जुना नव्हता. तो आईच्या वयाचा होता.

माझं त्या निरागसपणावर प्रेम नव्हतं असं नाही. सोळाव्या वर्षी मंडळाच्या गणपतीत नाटकाच्या तालमीला एक मुलगा प्रॉम्प्टर होता. तो विंगेतून माझी वाक्यं माझ्याआधी अर्ध्या श्वासानं म्हणायचा. बस. त्याचा स्वर ऐकू येईल म्हणून मी मुद्दाम वाक्य विसरायचे. दहा दिवसांत आम्ही एकमेकांशी नाटकाबाहेरचं एक अक्षर बोललो नाही आणि मला त्या दहा दिवसांचा उजेड आजही पुरतो. तो सोवळा आनंद खोटा नव्हता. खोटं होतं ते हे, की तेवढ्या शिदोरीवर मुलीला आयुष्यभराच्या प्रवासाला धाडता येतं.

उन्हाळ्यात कपाटाच्या वरच्या फळ्या आकसायच्या आणि त्यांच्यात बोटभर फट पडायची. पावसाळ्यात फुगून ती बुजून जायची. १९६५ च्या मे महिन्यात मी स्टुलावर चढून डोळा लावला. आत अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि लाल कापडाच्या बांधणीचे सहा पाठकणे. नाव कशावरच नव्हतं. खाली उतरले. त्याच वर्षी मनू नायकांचा 'कहि देबे संदेस' आला होता, पहिला छत्तीसगढी सिनेमा, जातीबाहेरच्या प्रेमाचा. गावात त्यावर गरम चर्चा होत्या; राऊतीन दोनदा पाहून आली आणि आम्हाला परवानगी मिळाली नाही. मग भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला, त्याच्याशेजारी आई-बाप आणि मुलांचे हसरे चेहरे. १९६८ मध्ये सरकारनं 'निरोध' पंधरा पैशांत तीन अशा दरानं चहा-विडीच्या दुकानांतून विकायला काढला. मी कॉलेजात जाताना रोज त्या पाट्या वाचायचे. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, दवाखान्याचं चिन्ह आहे. तिला खरंच तेवढंच माहीत होतं.

आजोबा १९७२ च्या चैत्रात गेले. दिवसकार्य आटोपल्यावर बाबांनी जानव्याची किल्ली लावली. कुलूप कुरकुरलं नाही. कुणीतरी त्याला नेमानं तेल देत होतं.

आत कागद नव्हते. 'समाजस्वास्थ्य'चे सहा खंड होते, १९३१ पासूनचे.

रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव मी ऐकलं होतं, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव म्हणून. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपलं केंद्र उघडलं त्याच वर्षी. या कामापायी कर्व्यांना गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी हे मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत, पदराला खार लावून, चालवलं. त्यात लैंगिक आरोग्य होतं, गुप्तरोग होते, मूल हवं असणं आणि नको असणं होतं, आणि बाईलाही सुखाचा हक्क आहे हे सरळ मराठीत लिहिलेलं होतं. वाचक पत्रानं प्रश्न विचारत, कर्वे उत्तरं देत. या उत्तरांबद्दलही त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, मासिक थांबलं नाही. आमच्या त्याच कपाटात एक कप्पा खाली भारतीय दंडविधान होतं, अश्लीलतेचं कलम २९२ असलेलं. मध्ये फक्त एक फळी. आत्याला आवडणाऱ्या ना. सी. फडक्यांनीसुद्धा १९२७ साली याच प्रश्नावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं आणि मार्गारेट सँगर यांची त्याला प्रस्तावना होती. आम्हाला त्यांच्या कादंबऱ्या तेवढ्या मिळाल्या.

खंडांच्या समासात आजोबांच्या बारीक पेन्सिलीच्या खुणा होत्या, दाव्याच्या कागदांवर करत तशा. एक रेघ म्हणजे पटलं. दोन रेघा म्हणजे लक्षात ठेवायचं. मी पानं उलटत गेले आणि नकळत मनात हिशेब मांडला. बाबा १९२८ चे. काका १९३१ चे. आत्या १९४०. पुढे कुणी नाही. आजीच्या जावांना, बहिणींना आठ-आठ, नऊ-नऊ बाळंतपणं झाली; दोघी त्यातच गेल्या. आजीला तीन.

आजी दारात उभी होती. मी विचारलं, "तू हे वाचलं होतंस?"

"मला पोथीपुरतं वाचता यायचं," ती म्हणाली. "ते वाचून दाखवायचे. रात्री, कंदील बारीक करून. काही समजलं नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा."

तिचा चेहरा एकदम तरुण झाला होता. साठ वर्षांची विधवा, तेराव्याचं लुगडं नेसलेली, आणि मला दिसत होती कंदिलाजवळ गुडघ्याला हनुवटी टेकून ऐकणारी एकोणीस वर्षांची मुलगी. आमच्या घरात प्रेम झालं होतं. तेही ह्याच कपाटापाशी, मराठीत.

"मग आत्याला का नाही सांगितलंस?"

आजी कितीतरी वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला यांनी सांगितलं. मला वाटलं, तिला तिचे सांगतील."

तिला खरोखर तसं वाटलं होतं. तिच्या जगात हे ज्ञान नवऱ्याकडून बायकोला मिळायचं. आई मुलीला ते देते, अशी वाटच तिनं पाहिली नव्हती. आणि आजोबांनी? ज्या माणसानं दोन रेघा ओढून लक्षात ठेवायचं ठरवलं, त्यानं किल्ली जानव्याला का बांधली? मी त्यांना दोष देऊ शकत नाही आणि माफही पुरतं करू शकत नाही. त्यांनी बायकोसाठी ज्या काळाच्या पुढे पाऊल टाकलं, मुलीसाठी त्याच काळाच्या मागे उभे राहिले.

आत्या त्या वेळी बाजूला बसलेली होती, त्याच खोलीत, घोंगडीवर. सगळं ऐकत होती. बत्तीस वर्षांची, दोन मुलींची आई. ती उठली, कपाटापाशी आली आणि तिनं त्याला हात लावला. आधी दोन्ही तळवे दारावर ठेवले. मग माझ्या हातातला खंड घेतला. आई काही बोलायला गेली, आजीनं तिला खुणेनं थांबवलं.

रात्रभर दिवा चालू होता. पहाटे मी चहा घेऊन गेले. आत्या भिंतीला टेकून नव्हती, कपाटाला टेकून बसली होती. तिनं वाचक-प्रश्नांचं एक पान उघडं धरलं होतं. ते चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा माणसानं विचारलेलं, नवीन लग्न झालेल्या, भेदरलेल्या बायकोबद्दल होतं. शेजारी पेन्सिलीच्या दोन रेघा.

"हे इथंच होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "ते वाईट नव्हते गं. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. दोघंही घाबरलेले असायचो, वेगवेगळे."

आजी आली आणि तिच्याजवळ बसली, अंगाला अंग लावून. म्हणाली, "तू झालीस ना, ती आम्ही ठरवून. यांना मुलगी हवी होती. नऊ वर्षं थांबून तुला मागून घेतलं." आत्यानं पान मिटलं आणि आजीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी चहा तिथेच ठेवून बाहेर आले.

जाताना तिनं एक खंड लुगड्याच्या घडीत गुंडाळून नेला. तिच्या मुलींची लग्नं पुढे ज्या ज्या वर्षी झाली, त्याच्या कितीतरी आधी तो त्यांच्या हाती पडला होता, एवढं मला त्यांच्याकडूनच कळलं. मीही माझ्या मुलीला दहाव्या वर्षी त्या खोलीत बसवून सांगितलं. मराठीत सांगितलं. शब्द अडले तिथे उठून खंड काढला.

घर आता नवं बांधलं आहे. मागची खोली तशीच ठेवावी लागली, कारण कपाट दारातून निघत नाही. पाय अजून दगडी वाट्यांत आहेत. वरच्या कप्प्याचं कुलूप मी काढून ठेवलं. तिथे लाकडावर कुलपाच्या आकाराचा फिकट डाग आहे. आत पाच खंड आहेत. सहाव्याची जागा रिकामी आहे, त्यामुळे उरलेले जरा एकमेकांवर कलले आहेत. नातीनं एकदा तिथे तिची वही सरळ उभी करून फट भरली होती. मी ती काढून तिला परत दिली.